ड्रॉइंग ट्यूबवाला मायक्रोस्कोप: वाळूतल्या कोपेपॉडसाठी घेतला, पावसाळ्यासकट वापरून झाला, आता लिहितेय

सुरुवातीलाच सांगून टाकते, कांद्याच्या सालीतल्या पेशी बघायला मायक्रोस्कोप हवाय अशांसाठी हा रिव्ह्यू नाहीये, त्यांच्यासाठी बाजारात स्वस्तात भरपूर चांगले पीस मिळतात. हा आहे ज्यांना अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्याचे पाय सुटे करून, एकेका पायावरचे काटे नि केस मोजून, त्याचं चित्र काढून नवीन प्रजातीचं वर्णन लिहायचंय त्यांच्यासाठी. असे लोक आपल्याकडे कमी आहेत हे माहितीय, पण जे आहेत त्यांना मराठीत कुठेच काही वाचायला मिळत नाही, मलाही मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. घाई असेल तर निकाल ऐका: पाचपैकी चार स्टार, एक स्टार कापला तो शंभरच्या (शंभर पट मोठं दाखवणाऱ्या) लेन्समुळे आणि विक्रीनंतरच्या सर्व्हिसमुळे. ड्रॉइंग ट्यूबला, म्हणजे मायक्रोस्कोपमधलं दृश्य आणि कागदावरची पेन्सिल एकत्र दाखवणाऱ्या नळीला, मात्र स्वतंत्रपणे पाचपैकी पाच.

वस्तू काय आहे? हरियाणातल्या अंबाल्याला बनलेला ट्रायनॉक्युलर कंपाउंड मायक्रोस्कोप, इन्फिनिटी ऑप्टिक्स, सेमी-प्लान (कडेपर्यंत बऱ्यापैकी सपाट दाखवणाऱ्या) लेन्सेस ४, १०, ४० आणि १०० ऑइल (तेलाचा थेंब लावून वापरायची), एलईडी लाइट, व्हर्नियर (जागेचा आकडा दाखवणारी बारीक पट्टी) असलेलं मेकॅनिकल स्टेज आणि सोबत वेगळी घेतलेली ड्रॉइंग ट्यूब. सगळं मिळून लाखाच्या आत बसलं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण अंबाल्यात अशी यंत्रं बनवणारे खूप जण आहेत, पार्टस बऱ्याचदा सारखेच असतात नि तुमच्या वाट्याला येणारा पीस वेगळाही निघू शकतो.

आता माझं काम काय ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि कोकणच्या पुळणीतल्या वाळूत राहणारे हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड बघते. कोपेपॉड म्हणजे कोळंबी-कुर्ल्यांच्या भाऊबंदातले, क्रस्टेशियनच, फक्त अगदी बारीक. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे कोपेपॉड बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात, हे त्यांचे वाळूतले चुलत भाऊ. वाळूच्या दोन कणांमध्ये जी फट असते, जिच्यात पाणी भरलेलं असतं, त्या फटीत ते आयुष्य काढतात. त्यामुळे अंग लांबट, जवळजवळ अळीसारखं, पाय आखूड, आणि लांबी बऱ्याचदा ०.३ ते ०.६ मिलिमीटर. बॅक्टेरिया, डायटम असलं काहीतरी खातात आणि स्वतः माशांच्या पिल्लांचं खाणं होतात. एवढ्या आकाराच्या सगळ्या तळवासी जीवांना मिळून मायोफॉना म्हणतात, हे नाव १९४२ मध्ये मॉली मेअर यांनी दिलं. मायोफॉनात बहुतेक ठिकाणी सूत्रकृमी पहिल्या नंबरवर आणि त्यांच्या मागोमाग हे हार्पॅक्टिकॉइड. आपण पुळणीवर चप्पल काढून चालतो ना, तिथे एका चौरस मीटरमध्ये हे सगळे मिळून लाखोंनी असतात.

आणि कोकणात यांच्यात नवीन काहीतरी सापडायची शक्यता खरंच चांगली आहे, हे मी उगाच उत्साहाने म्हणत नाहीये. आपला किनारा सलग नाही. जांभ्याचा एक कडा समुद्रात घुसतो, मग छोटी पुळण, मग खाडी, मग परत कडा, रेवसपासून रेडीपर्यंत हेच. एका पुळणीची वाळू जाड, शंखशिंपल्यांचा चुरा असलेली, शेजारचीच बारीक आणि काळसर. वाळूच्या कणाचा आकार बदलला की फटीचा आकार बदलतो आणि फट बदलली की आतली वस्ती बदलते. त्यात या प्राण्यांची पिल्लंसुद्धा बहुतेक वाळूतच वाढतात, कुर्ल्यांच्या पिल्लांसारखी आठवडेच्या आठवडे समुद्रात वाहून दूर जात नाहीत, त्यामुळे एका पुळणीतली जात दुसऱ्या पुळणीत सहज पोचत नाही. पूर्व किनाऱ्यावर वाल्टेरला, म्हणजे विशाखापट्टणमला, गणपती आणि राव यांनी १९६२ मध्येच वाळूच्या फटीतल्या जीवांवर लिहिलंय. आपल्या बाजूला करण्यासारखं ढीगभर पडलंय.

नमुने गोळा करायला फारसा खर्च नाही, तो भाग पटकन सांगते. ओहोटीला जायचं, उधाणाची ओहोटी असेल तर उत्तम, पुळणीच्या वरच्या बाजूला खड्डा खणायचा, तळाला पाणी झिरपून साचलं की ते भांड्याने उचलून बारीक जाळीतून गाळायचं. याला करामान-शाप्पुई पद्धत म्हणतात आणि ती १९३०च्या दशकापासून चालत आलीय. नाहीतर प्लास्टिकच्या सिरिंजचं टोक कापून ती वाळूत खुपसायची, वाळू बादलीत घ्यायची, ७ टक्क्यांच्या आसपासचं मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी घालून दहा मिनिटं ठेवायची म्हणजे प्राणी गुंगतात आणि कणाला धरून ठेवलेली पकड सोडतात, मग ढवळून वरचं पाणी ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर ओतायचं. डीएनए करायचा असेल तर अल्कोहोलमध्ये, नुसती चित्रं काढायची असतील तर फॉर्मालिनमध्ये. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ पासून आहे, तिथे आधी वनखात्याची परवानगी घ्या, बाकी पुळणींवरही गावात सांगून जावं. रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडणारे, काका लोक विचारतातच, "काय गो बाय, वाळूत काय गावता?" त्यांना एकदा हँडलेन्समधून चाळणीतली वळवळ दाखवली की पुढच्या वेळी तेच सांगतात, हयसर नको, थयसर खण, थयसर वाळू जाडी हा. आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं, कुठली वाळू कधी आली नि कधी वाहून गेली हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

खरी अडचण पुढे सुरू होते आणि तिथेच हे मशीन येतं.

हार्पॅक्टिकॉइडची नवीन प्रजाती आहे असं म्हणायचं तर अख्ख्या प्राण्याचा फोटो बिनकामाचा. सगळे सारखेच दिसतात. फरक असतो तो अवयवांमध्ये. स्पर्शिकांच्या दोन जोड्या, तोंडाचे अवयव, मग पायांच्या पहिल्या चार जोड्या, प्रत्येक पायाला आतली नि बाहेरची अशा दोन फांद्या, प्रत्येक फांदीला एक ते तीन खंड, आणि प्रत्येक खंडावर किती काटे, किती केस, आतल्या बाजूला की बाहेरच्या, याचा तक्ता करावा लागतो. मग पाचवा पाय, जो मादीत वेगळा आणि नरात वेगळा, आणि शेवटी शेपटीच्या दोन फांद्या, त्यांच्यावरचे केस कुठून निघतात तेसुद्धा. नराची पहिली स्पर्शिका मादीला धरण्यासाठी वाकलेली असते, तिचं चित्र वेगळं. हे सगळं करायला प्राणी ग्लिसरीन किंवा लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात ठेवून, बारीक केलेल्या टंगस्टनच्या सुईने पाय एकेक करून सोडवायचे आणि प्रत्येकाला कव्हरस्लिपखाली ठेवून कडेने नेलपॉलिश लावायचं. अख्खा पाय असतो पन्नास-शंभर मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा, आणि त्याच्यावरचे केस एखाद्या मायक्रॉन जाडीचे. १.२५ न्यूमरिकल ॲपर्चरच्या (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचा आकडा) ऑइल लेन्सला साध्या प्रकाशात दिसू शकणारं सगळ्यात बारीक अंतरच पाव मायक्रॉनच्या थोडं वर आहे. म्हणजे आपण प्रकाशाच्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करतोय, इथे लेन्स थोडी जरी मऊ असली तर एक केस दिसायचा राहून जातो, आणि एक केस राहिला की प्राणी दुसऱ्याच जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) जाऊन बसतो.

आता ड्रॉइंग ट्यूब. तिचं जुनं नाव कॅमेरा ल्युसिडा, विल्यम वोलॅस्टन यांनी १८०६ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा ते चित्रकारांसाठी होतं, नंतर मायक्रोस्कोपवर बसलं. मायक्रोस्कोपचं डोकं आणि बॉडी यांच्यामध्ये एक प्रिझमचा डबा बसतो, त्यातून उजव्या हाताला एक आडवी नळी बाहेर येते, टोकाला आरसा. टेबलावर उजवीकडे कागद ठेवायचा. तुम्ही आयपीसमधून बघता तेव्हा पाय दिसतो आणि त्याच्याच वर तुमचा हात, पेन्सिलीचं टोक आणि कागदही दिसतो, दोन्ही एकमेकांवर. मग पेन्सिल सरळ त्या पायाच्या कडेवरून फिरवायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वासच बसत नाही, माझ्या टीवायच्या मुली ओरडल्याच होत्या, "मॅडम, माझी पेन्सिल त्याच्या पायाला लागतेय!"

आता लोक विचारतात, कॅमेरा असताना हे कशाला? मलाही दुकानदाराने आधी कॅमेराच विकायचा प्रयत्न केला, वीस मेगापिक्सेल, लॅपटॉपवर लाइव्ह वगैरे. तर ऐका, हाच या रिव्ह्यूचा मुख्य मुद्दा आहे. शंभरच्या ऑइल लेन्सला एका वेळी फोकसमध्ये असणारी जाडी एक मायक्रॉनच्याही आत असते. पाय सपाट नसतो, तो स्लाइडवर थोडा तिरका पडतो, पुढची फांदी एका पातळीवर, मागची दुसऱ्या, केस वर खाली कुठेही. फोटो काढला की एक पातळी येते आणि बाकी धूसर. वीस फोटो काढून सॉफ्टवेअरने एकत्र केले तर सगळं शार्प होतं खरं, पण मग एकमेकांवरून जाणारे दोन केस त्या चित्रात कुठे वेगळे होतात, कुठला पुढे नि कुठला मागे, ते सांगता येत नाही, सॉफ्टवेअर कधीकधी त्यांना जोडूनच टाकतं. ड्रॉइंग ट्यूबवर मी डाव्या हाताने फाइन फोकस हळूहळू फिरवत असते आणि उजव्या हाताने काढत असते. पुढचा केस काढला, फोकस थोडा खाली, त्याच्यामागचा केस दिसला, तो तुटक रेषेने, अजून खाली, आता त्याचं मूळ दिसलं, म्हणजे तो मधल्या खंडावरून नाही तर शेवटच्या खंडावरून निघतोय. हे कळतं ते हात नि डोळा एकाच वेळी चालत असल्यामुळे. काढायला बसलं की प्रत्येक रेषेला प्रश्न पडतो, ही रेषा इथे संपते का पुढे जाते, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल पुढे सरकत नाही. फोटो बघताना तो प्रश्न पडतच नाही, आपल्याला वाटतं दिसलं.

आणि दुसरं, ही चित्रं टिकतात. कार्ल लँग यांनी १९४८ मध्ये हार्पॅक्टिकॉइडवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यातली रेषाचित्रं आजही आम्ही समोर ठेवून तुलना करतो. फोटो जोडा, जरूर जोडा, पण वर्णनाचा कणा हे रेषाचित्रच आहे आणि पेपर तपासणारे तज्ज्ञ सगळ्यात आधी तेच बघतात.

एवढं कौतुक झालं, आता त्रास सांगते, कारण तो बराच झाला.

पार्सल आलं तेव्हा ट्यूबच्या टोकाचा आरसा हललेला होता. पॅकिंगमध्ये मायक्रोस्कोपला थर्माकोल व्यवस्थित, ट्यूब मात्र नुसती बबलमध्ये गुंडाळून डब्यात टाकलेली. आरसा ४५ अंशात नसला तर कागदावरची प्रतिमा एका बाजूला ताणली जाते, म्हणजे गोल वस्तू अंडाकृती येते. साध्या डोळ्यांना हे कळत नाही, पण तुम्ही त्या चित्रावरून लांबी-रुंदीचं गुणोत्तर लिहिणार असता, शेपटीची फांदी रुंदीच्या किती पट लांब आहे यावर प्रजाती ठरते, त्यामुळे हे चालवून घेण्यासारखं नाहीच. कंपनीला फोन केला तर म्हणाले परत पाठवा, कुरिअर तुमच्याकडून. अंबाला ते सिंधुदुर्ग काच पुन्हा दोनदा प्रवास करणार या कल्पनेनेच पोटात गोळा आला. शेवटी कोल्हापूरचे एक दुरुस्तीवाले दादा आहेत, कॉलेजच्या लॅबचे मायक्रोस्कोप वर्षानुवर्षं तेच बघतात, त्यांनी येऊन आरशाचे तीन छोटे स्क्रू फिरवून जागेवर बसवून दिलं आणि कसं करायचं ते मलाही शिकवलं. मशीन घेण्याआधी आपल्या भागात असा माणूस आहे का ते बघा, हे मी ब्रँडपेक्षा वर ठेवेन.

तपासायचं कसं ते लिहून ठेवते, कारण मॅन्युअलमध्ये यावर एक ओळही नव्हती. स्टेज मायक्रोमीटर घ्या, एक मिलिमीटरचे शंभर भाग, म्हणजे एक घर १० मायक्रॉन. तो लेन्सखाली आडवा ठेवून ट्यूबमधून कागदावर त्याच्या रेघा काढा, मग स्टेजवर तोच ९० अंशात फिरवून उभ्या रेघा काढा. दोन्हीकडची घरं पट्टीने मोजा, सारखी आली पाहिजेत, मधोमध आणि कडेलाही. सारखी असतील तर हीच तुमची स्केल, ती कागदाच्या कोपऱ्यात प्रत्येक लेन्ससाठी वेगळी काढून ठेवायची. टेबलाची उंची बदलली, कागदाखाली वही ठेवली, तरी स्केल बदलते, म्हणून मी मायक्रोस्कोप नि ड्रॉइंग बोर्ड दोन्हीच्या जागा टेबलावर मार्करने आखून ठेवल्यात आणि त्या टेबलाला कुणाला हात लावू देत नाही.

लेन्सेसबद्दल. १० आणि ४० उत्तम आहेत, खरंच उत्तम, ४०ने अख्ख्या प्राण्याचं बाह्यचित्र आणि मोठे अवयव सहज होतात, कडेपर्यंत सपाट दिसतं. सेमी-प्लान घेतल्याचा फायदा इथे कळतो, साध्या ॲक्रोमॅटमध्ये मधलं शार्प आणि कडा पुसट येतात आणि मग लांब पाय तुकड्यातुकड्यांत काढावा लागतो. १०० मात्र निराश करते. दिसतं, पण कडांना पांढुरकी झाक येते, पायाच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक काट्यांच्या ओळी वेगळ्या दिसत नाहीत. कंडेन्सरला (स्लाइडखालची प्रकाश गोळा करणारी लेन्स) पण तेल लावून, आयरिस नीट करून बघितलं, थोडा फरक पडला. नंतर १०० ची प्लान लेन्स वेगळी घेतली, तिच्यामुळे काम मार्गी लागलं. एक लक्षात ठेवा, बॉडी इन्फिनिटीची असेल तर जुन्या बाजारातल्या १६० लिहिलेल्या (१६० मिलिमीटर नळीच्या जुन्या पद्धतीच्या) लेन्सेस घेऊ नका, आटे एकसारखे असल्यामुळे त्या बसतात पण चित्र नीट देत नाहीत. आणि तेल सिंथेटिक घ्या, सीडरवुडचं स्वस्त मिळतं पण ते वाळून लेन्सवर घट्ट बसतं.

व्हर्नियरवाल्या स्टेजला पूर्ण मार्क. एका स्लाइडवर दहा-बारा सुटे अवयव असतात, प्रत्येकाचा आकडा वहीत लिहिला की पुन्हा तोच पाय लगेच सापडतो. हे स्टेज नसेल तर तो पाय शोधण्यात सकाळ जाते.

प्रकाशाचं गणित हाताला बसायला वेळ लागतो. मायक्रोस्कोपचा लाइट जास्त असला तर पेन्सिल दिसत नाही, कागदावरचा जास्त असला तर प्राणी गायब. दोन्हींना स्वतंत्र डिमर हवा. यात मायक्रोस्कोपच्या एलईडीला आहे, कागदासाठी मी साधा टेबललॅम्प डिमर लावून घेतलाय. खोली अंधारी हवी. ०.३ची मेकॅनिकल पेन्सिल, गुळगुळीत जाड कागद. आमच्याकडे वीज जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं, पण एलईडी असल्यामुळे छोट्या इन्व्हर्टरवर आरामात चालतं, जुना हॅलोजनवाला असता तर इतकं सोपं नसतं.

आता कोकणवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे भिंतींना पाणी सुटतं, तिथे लेन्सला बुरशी लागणार नाही असं होतच नाही, काळजी घेतली नाही तर. बुरशी एकदा काचेच्या कोटिंगवर चढली की पुसून निघाली तरी डाग राहतो. मशीनसोबत आलेलं प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात वापरूच नका, आत दमटपणा कोंडतो. मी लेन्सेस, आयपीस आणि ट्यूब काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते, दाणे रंग बदलले की भाजून परत वापरायचे. बॉडी लाकडी कपाटात, आत सतत चालू असलेला छोटा बल्ब. एक अख्खा पावसाळा असा काढला, काचा अजून स्वच्छ आहेत. बॉडीवरचे काही स्क्रू मात्र गंजले, समुद्राच्या एवढं जवळ असल्यावर ते होणार, पण क्रोम जरा बरं द्यायला हवं होतं. पावसाळ्यात नाहीतरी पुळणीची वाळू समुद्र ओढून नेतो, नमुने घेता येत नाहीत, त्यामुळे तेव्हा ट्यूबवर बसून आधीच्या स्लाइड काढायच्या असतात, म्हणजे मशीन सगळ्यात जास्त लागतं ते नेमकं दमट महिन्यांतच.

इतर पर्याय बघितले का, तर हो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर पृष्ठभाग अप्रतिम दिसतो, मी मोठ्या विद्यापीठात जाऊन काही प्राणी करून आणले, पण त्यावर सोन्याचा थर चढतो, पायाच्या पलीकडची बाजू दिसत नाही आणि नमुने मोजकेच असले तर त्यातला एक असा खर्ची घालणं जिवावर येतं. डीआयसीवाला (पारदर्शक गोष्टींना उठाव देणारी प्रकाशाची सोय असलेला) परदेशी मायक्रोस्कोप मिळाला तर सोनंच, पारदर्शक केस उठून दिसतात, पण त्याची किंमत आमच्यासारख्या कॉलेजच्या आवाक्यात नाही. म्हणून पेन्सिलचित्र स्कॅन करून कॉम्प्युटरवर पेन-टॅबलेटने शाईच्या रेषा ओढते, हे जमून जातं, त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, इंकस्केप फुकट मिळतं.

कुणी विचारेल की कॉलेजातल्या एका बाईला प्रजातीचं वर्णन करता येतं का, परवानगी कुणाची लागते. वर्णन कुणीही करू शकतं, नियम पाळले पाहिजेत. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे एक नमुना होलोटाइप (त्या प्रजातीचा मूळ आधार-नमुना) म्हणून ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय ते पेपरमध्ये लिहायचं. ऑनलाइन जर्नल असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आधीच करायची, हे २०१२ पासून आहे. आणि आपला जैवविविधता कायदा, २००२चा, त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवीन प्रजाती सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, मुख्य कार्यालय कोलकाता, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. होलोटाइपची स्लाइड नीट सील केलेली, लेबल पक्क्या शाईने लिहिलेलं हवं, कारण पन्नास वर्षांनी कुणीतरी ती काढून माझ्या चित्राशी ताडून बघणार आहे. म्हणूनच मी चित्राबद्दल इतकी हट्टी आहे. माझ्या प्राण्याचा पेपर रिव्ह्यूत आहे त्यामुळे नाव आणि पुळण आत्ता सांगत नाही, छापून आलं की सांगेनच.

हे काम लवकर व्हायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. किनाऱ्यावर ठिकठिकाणी धूपप्रतिबंधक बंधारे होतायत, काही ठिकाणी वाळूचा उपसा चालतो, पर्यटक वाढले तशी पुळणीवर गाड्या फिरतात. यातलं काय थांबवायचं नि काय नाही तो वेगळा विषय, पण वाळू हलली की तिच्यातली वस्ती हलते, आणि जिचं नावच कुठे नोंदलेलं नाही ती गेली हे सांगायलाही कुणी नसणार. कासवांसाठी वेळासला, आंजर्ल्याला माणसं उभी राहिली, ते बघून आनंदच होतो. त्याच पुळणीतल्या या बारक्या जीवांची निदान यादी तरी आपल्याच माणसांनी करावी.

तर घ्यावं का? टॅक्सॉनॉमीचं, म्हणजे प्रजाती ओळखून त्यांचं वर्णन करण्याचं, काम खरंच करणार असाल, कोपेपॉड, ऑस्ट्राकॉड, माइट, कोळी, काहीही, तर ड्रॉइंग ट्यूब असलेलाच मायक्रोस्कोप घ्या, कॅमेरा नंतर घेता येतो. दुकानदाराला आधी विचारा की ट्यूब त्याच बॉडीसाठी बनलेली आहे का, कारण बॉडी घेऊन झाल्यावर दुसरीकडची ट्यूब बहुतेक बसत नाही. १००ची लेन्स सेटमधली न घेता प्लान वेगळी मागा, फरकाचे पैसे देऊन बदलून देतात. ट्यूबचं पॅकिंग वेगळ्या खोक्यात करायला लिहून घ्या. डावखुऱ्यांनी घेण्याआधी प्रत्यक्ष बसून बघा, नळी उजवीकडेच निघते आणि माझ्या एका डावखुऱ्या विद्यार्थिनीला फार जड गेलं, शेवटी ती उजव्या हाताने काढायला शिकली. प्रॅक्टिकलपुरतं, शाळेसाठी, हौसेने डबक्यातलं पाणी बघायला हवं असेल तर या सेटवर पैसे घालू नका.

विकत घेण्याआधी हाताळून बघायचं असेल तर दिवाळीनंतर आमच्या लॅबला या, तोवर पुळणीवर वाळू परत भरलेली असते आणि ताजे प्राणीही मिळतात. आपली स्लाइड असली तर घेऊन या, तिच्यावरच ट्यूब लावून बघा.